निळा स्क्रीन, पिवळी अक्षरे: टेक्स्ट-मोडमधल्या प्रोग्रामिंगची मजा आजच्या कामात कशी आणायची

निळ्या स्क्रीनवर पिवळी अक्षरे. वर राखाडी मेन्यूपट्टी, तिच्यातल्या प्रत्येक शब्दाचे एक अक्षर लाल. तळाशी एफ१, एफ२, एफ३ काय करतात ते सांगणारी एक ओळ. टर्बो पास्कल किंवा टर्बो सी या टेक्स्ट-मोडमधल्या, म्हणजे फक्त अक्षरांच्या स्क्रीनवर चालणाऱ्या, प्रोग्रामिंगच्या जुन्या साधनांवर ज्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला, त्यांना एवढे वर्णन पुरेसे आहे. बोटे आपसूक प्रोग्राम चालवणारे कंट्रोल-एफ९ शोधू लागतात.

हे वातावरण परत हवेसे वाटते तेव्हा बहुतेक जण एडिटरची थीम निळी करतात. दोन दिवस बरे वाटते आणि मग काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. कारण आठवण रंगांची येत असली तरी चुकल्यासारखे वाटते ते वेगळेच आहे. लिहिलेला प्रोग्राम आणि चालणारा प्रोग्राम यांच्यात तेव्हा जेमतेम एका श्वासाचे अंतर होते. शिवाय सगळे साधन, म्हणजे एडिटर, कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा), डीबगर (चुका शोधायला मदत करणारा) आणि मदत, एकाच स्क्रीनवर मावत होते, आणि त्याची हद्द कुठे संपते हे शिकणाऱ्यालाही दिसत होते. आजच्या कामात आणायच्या त्या या दोन गोष्टी. रंग हवे तर नंतर आणा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मूळ वातावरणात दोन-तीन संध्याकाळी घालवा, मग त्याच घराण्यातले आजचे साधन वापरून पाहा, आणि शेवटी तिथे जे खरोखर उपयोगी वाटले तेवढेच रोजच्या एडिटरमध्ये आणा. पहिली पायरी गाळली तर काय आणायचे तेच कळत नाही.

मूळ गोष्ट काय होती

बोर्लंड कंपनीने नोव्हेंबर १९८३ मध्ये टर्बो पास्कल बाजारात आणले, ४९.९५ डॉलरला. त्या काळी कंपायलरची किंमत शेकडो डॉलरमध्ये असे. कंपायलरचा गाभा अँडर्स हेल्सबर्ग यांचा. पुढे डेल्फी, सी-शार्प आणि टाइपस्क्रिप्ट यांच्या रचनेतही हेच नाव पहिल्या रांगेत आहे. किमतीइतकाच धक्का वेगाचा होता. त्याआधीची रीत अशी: एडिटरमध्ये फाइल लिहा, बाहेर पडा, कंपायलर चालवा, मग तयार तुकडे जोडणारा लिंकर चालवा, चूक निघाली की ओळ क्रमांक कागदावर टिपून पुन्हा एडिटरमध्ये जा. टर्बो पास्कलने एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्राममध्ये, एकाच वेळी मेमरीत ठेवले. चूक सापडली की कर्सर थेट चुकीच्या जागी येऊन उभा राहत असे. ३.०२ आवृत्तीत एडिटर, कंपायलर आणि रनटाइम लायब्ररी मिळून जी एक फाइल होती, तिचा आकार ३९,७३१ बाइट. आज एखाद्या संकेतस्थळावरचे साधे छायाचित्रही यापेक्षा मोठे असते.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९८७ मध्ये ४.० आली आणि युनिट, म्हणजे प्रोग्रामचे वेगळे कंपाइल होणारे भाग, आले. १९८८ च्या ५.० मध्ये डीबगर आतच बसला, १९८९ च्या ५.५ मध्ये ऑब्जेक्ट आले. १९९० च्या ६.० पासून एकावर एक ठेवता येणाऱ्या खिडक्या आणि माउस आला. ज्या लायब्ररीवर हे उभे होते तिचे नाव टर्बो व्हिजन. १९९२ ची ७.० ही डॉस या जुन्या यंत्रणेवरची शेवटची मोठी आवृत्ती, आणि कीवर्ड, म्हणजे भाषेचे राखीव शब्द, वेगळ्या रंगात दाखवायला तिनेच सुरुवात केली. दुसऱ्या बाजूला १९९१ मध्ये एमएस-डॉस ५.० सोबत बेसिक भाषेचे क्यूबेसिक फुकट आले. ओळ लिहून एंटर मारले की ते लगेच व्याकरण तपासून कीवर्ड मोठ्या अक्षरांत करून देत असे.

या सगळ्यांत एक शिस्त होती, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. टर्बो पास्कलचा कंपायलर पहिल्या चुकीवर थांबायचा. दोनशे ओळींची लाल यादी नाही. एक चूक, एक जागा, ती दुरुस्त करा आणि पुढे चला. नवशिक्याला यातून जो धीर मिळतो तो मोठा असतो.

पायरी १: मूळ वातावरण चालवा

आजच्या ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत, लिनक्स आणि मॅकवर तर प्रश्नच नाही. त्यासाठी डॉसबॉक्स हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, लागतो. मूळ डॉसबॉक्स चालेल; त्याचीच डॉसबॉक्स स्टेजिंग ही शाखा मात्र अधिक ताजी आणि आजच्या स्क्रीनशी जुळवून घेणारी आहे. अख्खी डॉसच हवी असेल तर फ्रीडॉस आहे. १९९४ मध्ये सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प अजून जिवंत आहे, आणि तो व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकता येतो. पहिल्यांदाच करत असाल तर डॉसबॉक्सच बरा. डिस्क बनवणे, पार्टिशन वगैरे भानगडी टळतात.

कंपायलर कुठला? टर्बो पास्कलच्या १.०, ३.०२ आणि ५.५ या आवृत्त्या बोर्लंडने पुढे स्वतःच फुकट उतरवून घेण्यासाठी खुल्या केल्या, टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१ यांचेही तसेच. बाकीच्या आवृत्त्यांचा परवाना तपासल्याशिवाय घेऊ नका. मी ५.५ सुचवेन: डीबगर आहे, ऑब्जेक्ट आहेत, आणि सगळे एका छोट्या फोल्डरमध्ये राहते.

आता मांडणी. तुमच्या संगणकावर ‘डॉस’ नावाचे एक फोल्डर करा, त्यात ‘टीपी’ नावाचे दुसरे, आणि कंपायलरच्या फाइली त्यात ठेवा. नावे अर्थातच रोमनमध्ये आणि आठ अक्षरांच्या आत असू द्या, कारण डॉसला आठ अधिक तीनपेक्षा मोठे नाव कळत नाही. डॉसबॉक्स सुरू झाल्यावर माउंट हा आदेश, पुढे सी हे अक्षर, पुढे त्या डॉस फोल्डरचा पूर्ण पत्ता टाइप करा. मग सी आणि कोलन लिहून त्या ड्राइव्हवर जा, सीडी वापरून टीपीमध्ये शिरा आणि टर्बो असे लिहून एंटर मारा. हे रोज टाइप करायचे नसेल तर याच चार ओळी डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये अगदी शेवटी असलेल्या ऑटोएक्झेक विभागात लिहून ठेवा.

आता थांबा. अजून कंट्रोल-एफ९ दाबू नका.

टर्बो पास्कलमध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे ‘प्रोग्राम चालवा’. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ९ म्हणजे ‘डॉसबॉक्स बंद करा’. तो विचारत नाही, सेव्हही करत नाही. खिडकी नाहीशी होते आणि न जपलेला प्रोग्राम तिच्याबरोबर जातो. बोटांना ही जोडी पाठ असलेल्या माणसाचे पहिल्याच संध्याकाळी होणारे नुकसान हेच. तशीच दुसरी टक्कर कंट्रोल-एफ१ ची: टर्बोमध्ये कर्सरखालच्या शब्दाची मदत, डॉसबॉक्समध्ये की-मॅपर, म्हणजे कोणत्या कीने काय व्हावे ते ठरवण्याची खिडकी.

त्या मॅपरनेच यातून सुटका होते. कंट्रोल-एफ१ दाबून मॅपर उघडा. कीबोर्डच्या चित्राखाली डॉसबॉक्सच्या स्वतःच्या क्रियांची बटणे दिसतील. त्यांतले शटडाउन निवडा, मग डेल वर क्लिक करून त्याची जुनी की काढून टाका. हवी असेल तर ॲड दाबून क्वचित वापरात येणारी एखादी की द्या. मॅपर उघडणारी की बदलायची तर तीही याच पद्धतीने बदलते. शेवटी सेव्ह विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी जुनेच लागू होईल. हे होईपर्यंत प्रोग्राम चालवायला ऑल्ट-आर दाबून रन मेन्यू वापरा आणि चालवण्याआधी एफ२ दाबून सेव्ह करायची सवय ठेवा. ती सवय पुढेही कामाला येते.

वेगाबद्दल एक गोष्ट. टर्बो पास्कल ७.० ने बनवलेले आणि स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारे क्रट युनिट वापरणारे जुने प्रोग्राम कधी कधी सुरू होताक्षणीच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडतात. प्रोग्रामच्या तर्कात काही चुकलेले नसते. डिले ही प्रोसिजर नीट चालावी म्हणून ते युनिट सुरुवातीला घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक लूप किती वेळा फिरते ते मोजते आणि त्या आकड्याला ५५ ने भागते. प्रोसेसर फार वेगवान असला की उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक दाखवतो. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले तेव्हा जगभरचे चांगले चालणारे प्रोग्राम असे अचानक कोसळू लागले. उपाय सोपा: कंट्रोल-एफ११ ने डॉसबॉक्सचा वेग उतरवा, कंट्रोल-एफ१२ ने तो चढतो. आकडा खिडकीच्या शीर्षकात दिसतो. ३००० सायकल हा जुन्या प्रोग्रामना मानवणारा वेग आहे.

थेट मेमरीत एक अक्षर

मूळ वातावरणात आलाच आहात तर हा एक प्रयोग केल्याशिवाय परतू नका. टेक्स्ट-मोड इतका झटपट का वाटायचा ते यातून हाताला कळते.

रंगीत टेक्स्ट-मोडचा स्क्रीन म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळी. प्रत्येक घराला दोन बाइट: पहिल्यात अक्षर, दुसऱ्यात रंग. म्हणजे अख्खा स्क्रीन ४००० बाइटचा, आणि तो मेमरीत बी८०० या सेगमेंटपाशी (मेमरीच्या विभागापाशी) उघडा पडलेला असतो. कोणालाही न विचारता तिथे लिहा, पुढच्याच क्षणी ते काचेवर दिसते.

टर्बो पास्कलमध्ये यासाठी मेम नावाचा तयार ॲरे आहे. त्यात चौकोनी कंसात सेगमेंट, कोलन आणि ऑफसेट, म्हणजे त्या विभागातली जागा, द्यायचा. सेगमेंटच्या आधी डॉलर चिन्ह लावायचे, म्हणजे तो हेक्स, अर्थात सोळाच्या पायाचा, आकडा धरला जातो. ऑफसेट काढायची रीत: ओळ गुणिले ८०, अधिक स्तंभ, आणि येईल त्याची दुप्पट, मोजणी शून्यापासून. स्क्रीनच्या मध्याजवळचे घर घेऊ: ओळ १२, स्तंभ ४०. बारा गुणिले ८० म्हणजे ९६०, त्यात ४० मिळवले की १०००, दुप्पट २०००. म्हणून ऑफसेट २००० वर ६५ लिहा. ६५ हा कॅपिटल ए चा क्रमांक. ऑफसेट २००१ वर ३० लिहा. पुढच्या ओळीत रीडएलएन टाका, म्हणजे एंटर दाबेपर्यंत स्क्रीन थांबेल. आता चालवा.

काळ्या स्क्रीनच्या मधोमध निळ्या चौकटीत एक पिवळा ए. आकडा ३० चा असा का, ते हेक्समध्ये पाहिले की उलगडते: १ई. डावीकडचा १ म्हणजे पार्श्वभूमीचा निळा, उजवीकडचा ई, म्हणजे १४, हा अक्षराचा पिवळा. अक्षरासाठी १६ रंग, पार्श्वभूमीसाठी ८, आणि उरलेला एक बिट लुकलुकण्यासाठी. ही सगळी रंगव्यवस्था एका बाइटमध्ये आहे. एखाद्या शिकणाऱ्याला बिट म्हणजे काय हे समजावताना याहून चांगले उदाहरण मला तरी मिळालेले नाही. ३० च्या जागी ७९, ३१, १५८ असे आकडे घालून पाहा आणि उत्तर आधी कागदावर काढा.

प्रोग्राम संपून परत एडिटर आला की ऑल्ट-एफ५ दाबा. मागे राहिलेला प्रोग्रामचा स्क्रीन दिसतो, कोणतीही की दाबली की एडिटर परत येतो. मग एफ७ ने एकेक ओळ आत शिरत चालवा, एफ८ ने वरवरून, कंट्रोल-एफ७ ने एखादे व्हेरिएबल खालच्या वॉच खिडकीत लावा. ५.५ मध्ये शिफ्ट आणि बाणांनी मजकूर निवडता येत नाही. तिथे वर्डस्टारची रीत आहे. कंट्रोल-के नंतर बी ने सुरुवात, कंट्रोल-के नंतर के ने शेवट, मग सी ने नक्कल, व्ही ने हलवणे. अनडूही नाही, फक्त चालू ओळ कंट्रोल-क्यू नंतर एल ने पूर्ववत होते. ही उणीव परत हवी असे मी म्हणणार नाही.

पायरी २: त्याच घराण्यातले आजचे साधन

डॉसबॉक्समध्ये रोजचे काम करू नका. तिथे बनणारा प्रोग्राम १६-बिट असतो आणि आजच्या यंत्रणेवर थेट चालत नाही. टर्बो सी++ वर सी++ चा सराव करणार असाल तर आणखी सावध राहा: सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ चे, हे कंपायलर त्याच्या कितीतरी आधीचे. नेमस्पेस नाही, प्रमाण लायब्ररी नाही, हेडरची नावे जुनी, आणि इंट १६ बिटांचा. तिथे लागलेल्या सवयी नंतर एकेक करून सोडवाव्या लागतात.

निळी खिडकी आणि आजचा कंपायलर दोन्ही हवे असतील तर फ्री पास्कल घ्या. याच्यासोबत एफपी नावाचे टेक्स्ट-मोड वातावरण येते आणि ते दिसायला-वागायला टर्बो पास्कल ७.० चा सख्खा भाऊ आहे: तीच मेन्यूपट्टी, त्याच दुहेरी रेषांच्या खिडक्या, तेच एफ२, एफ३, एफ९, कंट्रोल-एफ९. पण हातात पडतो तो आजच्या संगणकाचा खरा ६४-बिट प्रोग्राम. डेबियन आणि उबुंटूवर हे वातावरण एफपी-आयडीई या वेगळ्या पॅकेजमध्ये असते, तेवढे लक्षात ठेवा. नुसता कंपायलर टाकून ‘एफपी सापडत नाही’ म्हणून लोक अडतात. काही बिल्डमध्ये डीबगर जोडलेला नसतो, तो हवा असेल तर तेही आधी पाहून घ्या.

जुना टर्बो पास्कलचा प्रोग्राम इथे चालवायचा असेल तर टीपी मोड लावा. मेम वापरून स्क्रीनवर लिहिणे मात्र इथे चालणार नाही. आजच्या यंत्रणेत प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत हात घालता येत नाही. आणि एक खाचखळगा: नेहमीच्या मोडमध्येही इंटिजर १६ बिटांचाच असतो, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे गाडी ऋण बाजूला उलटते. मोठे आकडे हवेत तर लाँगइंट घ्या किंवा ऑब्जेक्ट पास्कलचा मोड लावा.

कीबोर्डच्या टकरी इथेही आहेत, फक्त समोरचा गडी वेगळा. काही टर्मिनल एफ१० स्वतःच्या मेन्यूसाठी राखून ठेवतात. त्यांच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येते. लिनक्सच्या शुद्ध कन्सोलवर ऑल्ट-एफ५ दाबले तर प्रोग्रामचा स्क्रीन येत नाही, तुम्ही पाचव्या कन्सोलवर जाऊन पडता. ऑल्ट-एफ१ ने पहिल्यावर परत या. लॅपटॉपवर एफच्या कीज आवाज आणि उजेडासाठी अडकवलेल्या असतात, तेव्हा एफएन-लॉक चालू करा. हे सगळे एकदा बसून मिटवा. की दाबली आणि भलतेच झाले, असे दिवसातून चार वेळा घडले तर हौस टिकत नाही.

क्यूबेसिकवाल्यांसाठी क्यूबी६४ आहे. निळे वातावरण तेच, एफ५ ने चालवणे तेच. आतून तो तुमचा प्रोग्राम सी++ मध्ये उतरवून मग कंपाइल करतो, त्यामुळे चालायला दोन-चार सेकंद लागतात आणि नेमका तो श्वासभराचा वेग थोडा हरवतो. नुसता डॉसच्या एडिटसारखा साधा एडिटर हवा असेल तर मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये एडिट याच नावाचा नवा, मुक्त स्रोत एडिटर काढला आहे. रस्टमध्ये लिहिलेला, अगदी लहान, मेन्यू ऑल्टने उघडणारा. त्यात कंपायलर नाही, पण सर्व्हरवरची एखादी फाइल दुरुस्त करायला छान आहे.

पायरी ३: अक्षर आणि रंग

आता रंगांची वेळ. अचूक करायचे असेल तर नजरेने निवडू नका, आकडे घ्या. व्हीजीए या जुन्या पीसींच्या स्क्रीनपद्धतीचा निळा म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा १७०. पिवळा २५५, २५५, ८५. मेन्यूपट्टीचा राखाडी १७०, १७०, १७०. गडद निळसर-हिरवा ०, १७०, १७०. तपकिरीकडे नीट पाहा: नियमाने तो १७०, १७०, ० असा मळकट पिवळा व्हायला हवा, पण आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये त्या एका रंगाचा हिरवा मुद्दाम निम्मा केलेला होता, म्हणून तो १७०, ८५, ० आहे.

फॉन्टसाठी जुन्या पीसींच्या अक्षरांचा एक मोठा फुकट संग्रह अल्टिमेट ओल्डस्कूल पीसी फॉन्ट पॅक या नावाने मिळतो. त्यातला आयबीएम व्हीजीए ९ गुणिले १६ घ्या. मूळ स्क्रीन ७२० गुणिले ४०० ठिपक्यांचा होता आणि तो ४ बाय ३ च्या काचेवर ताणला जायचा, त्यामुळे अक्षरे उभट दिसत. आजच्या चौकोनी ठिपक्यांवर तीच अक्षरे बुटकी वाटतात. त्या संग्रहात उंची दुरुस्त केलेल्या प्रतीही आहेत, आणि डॉसबॉक्समध्ये यासाठी ॲस्पेक्ट नावाचे सेटिंग आहे. फॉन्टचा आकार १६ किंवा ३२ पिक्सेलच ठेवा. मधला आकडा घेतला की कडा पुसट होतात.

नववा स्तंभ कशाला, हे कळले तेव्हापासून मला त्या चौकटी जास्तच आवडू लागल्या. अक्षरांचे आकार आठच ठिपके रुंद असतात, नववा मोकळा सोडला म्हणजे दोन अक्षरांत फट राहते आणि वाचायला बरे पडते. पण मग चौकटीच्या आडव्या रेषाही तुटतील. म्हणून व्हीजीए कार्ड फक्त रेषांच्या चिन्हांसाठी आठवा ठिपका नवव्यात उतरवते, आणि रेषा सलग दिसते.

जुन्या काचेचा भास, म्हणजे वक्रता, ओळींचे पट्टे, अक्षरांभोवतीची चमक, हेही मिळते: विंडोज टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या दिसण्याच्या सेटिंगखाली रेट्रो इफेक्ट आहे (त्यात वक्रता नसते), लिनक्स आणि मॅकवर कूल-रेट्रो-टर्म. एक संध्याकाळ लावा आणि काढून टाका. डोळे दमतात, आणि चांगल्या मॉनिटरवर टेक्स्ट-मोड तसा दिसतही नसे. अक्षरे स्वच्छ, ठसठशीत असत.

पायरी ४: रोजच्या एडिटरमध्ये काय आणायचे

सगळ्यात आधी एका कीने चालवणे. तुमचा एडिटर कोणताही असो, एफ९ किंवा कंट्रोल-एफ९ वर ‘सेव्ह करा, बिल्ड करा, चालवा’ हे तिन्ही एकत्र बांधा. व्हीएस कोडमध्ये एक टास्क लिहा आणि कीबाइंडिंगच्या फाइलमध्ये ती या कीला जोडा. एफ९ वर तिथे आधीपासून ब्रेकपॉइंट आहे, म्हणून कंट्रोल-एफ९ सोयीचे. विममध्ये नॉर्मल मोडमध्ये एफ९ ला आधी राइट आणि मग मेक हे आदेश जोडा. मेकमध्ये चूक निघाली की विम पहिल्या चुकीच्या ओळीवर स्वतःच उडी मारतो, अगदी टर्बोसारखा. इंटेलिजे आणि लाझारस वापरणाऱ्यांना आणखी एक सोय आहे: तिथे एफ७ ने आत शिरणे आणि एफ८ ने वरवरून जाणे आधीपासून तसेच आहे.

दुसरे, पहिल्या चुकीवर थांबा. जीसीसी या सी आणि सी++ च्या कंपायलरला ‘फेटल एरर्स’ चा पर्याय दिला की तो पहिल्याच चुकीपाशी थांबतो. सी++ च्या टेम्प्लेटमधली एक चूक पन्नास ओळी ओकते, तेव्हा याचा उपयोग पटतो. बहुतेक टेस्ट चालवणाऱ्या साधनांनाही पहिल्या अपयशावर थांबायला सांगता येते.

तिसरे, वेळ मोजा. की दाबल्यापासून निकाल दिसेपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळ लावून पाहा. दोन सेकंदांच्या आत असेल तर उत्तम. दहा असतील तर थीम बदलण्यात वेळ घालवू नका, आधी हे कमी करा: फक्त बदललेला भाग बिल्ड करा, ज्यावर काम चालू आहे तेवढ्याच टेस्ट चालवा, लहानसा वेगळा प्रोग्राम काढून कल्पना तिथे तपासा. मला विचाराल तर या अख्ख्या लेखातली सगळ्यात मोलाची दुरुस्ती हीच.

चौथे, मदत जवळ ठेवा. टर्बोची मदत कर्सरखालच्या शब्दावर उघडायची, नेटशिवाय, आणि तिच्यातले उदाहरण उचलून थेट प्रोग्राममध्ये ठेवता यायचे. विममध्ये शब्दावर कॅपिटल के दाबले की त्याचे मॅन्युअलचे पान उघडते. झील किंवा डेव्हडॉक्स वापरून भाषेचे दस्तावेज संगणकावरच उतरवून घ्या. शोधायला ब्राउझर उघडला की माणूस दुसरीकडेच भरकटतो.

बाकी आवरासावर किरकोळ आहे: मिनीमॅप बंद, सूचनांचे फुगे बंद, बाजूची पट्टी लपवलेली. एक आठवडा एडिटरची खिडकी ८० गुणिले २५ करून नवा कोड लिहून पाहा. फंक्शन २५ ओळींत मावले नाही तर ते वर-खाली सरकवावे लागते, आणि त्या त्रासातूनच ते दोन फंक्शनमध्ये तोडण्याची बुद्धी होते. दुसऱ्यांचा कोड वाचताना मात्र खिडकी खुशाल मोठी करा. आणि जुन्या काळचे आणू नये असे जे आहे, त्यात सगळ्यात वर: इतिहास नसलेल्या फाइली. टर्बो मागची एकच प्रत बॅक नावाच्या विस्ताराने ठेवायचा. डॉसबॉक्सला जोडलेले फोल्डरही गिटमध्ये, म्हणजे फाइलींचा इतिहास जपणाऱ्या साधनात, टाका. ते साधे फोल्डरच आहे.

पायरी ५: स्वतःचा टेक्स्ट-मोड प्रोग्राम

हौस पुढे न्यायची असेल तर त्या चेहऱ्याचा प्रोग्राम स्वतः लिहा. सी++ येत असेल तर टर्बो व्हिजनचे युनिकोड जाणणारे आधुनिक रूप गिटहबवर आहे. मूळच्याच क्लासच्या नावांनी लिनक्सवर आणि विंडोजवर चालते. अशा लायब्ररी इतर भाषांतही आहेत: पायथनमध्ये टेक्स्टुअल, रस्टमध्ये रॅटाटुई, गोमध्ये बबल टी. पायथनचे कर्सेस मॉड्यूलही चालेल, पण विंडोजवरच्या पायथनसोबत ते येत नाही, वेगळे टाकावे लागते.

देवनागरी दाखवणार असाल तर सुरुवातीलाच एक चाचणी करा. टेक्स्ट-मोडचा सगळा हिशेब ‘एक घर, एक अक्षर’ असा आहे, आणि आपल्या लिपीत क्षि हे एक अक्षर चार युनिकोड चिन्हांचे असते. ते किती घरे व्यापते याबद्दल टर्मिनल आणि लायब्ररी यांचे एकमत असेलच असे नाही, आणि नसेल तर उजवीकडची चौकट वाकडी होते. मराठी मजकुराची एक चौकट काढून पाहा, रेषा सरळ राहिली तरच पुढे जा.

लायब्ररीआधी एकदा हाताने करून पाहायचे असेल तर मघाचाच पिवळा ए घ्या. टर्मिनलमध्ये मेमरीत लिहिता येत नाही, त्याऐवजी मजकुरात मिसळून सूचना पाठवायच्या असतात. प्रत्येक सूचना एस्केप या २७ क्रमांकाच्या चिन्हाने आणि डाव्या चौकोनी कंसाने सुरू होते. त्यापुढे १३, अर्धविराम, ४१ आणि कॅपिटल एच लिहिले की कर्सर तेराव्या ओळीच्या एकेचाळिसाव्या स्तंभात जातो. इथे मोजणी एकपासून आहे, म्हणजे ते ऑफसेट २००० चेच घर. मग पुन्हा एस्केप आणि कंस, ४४, अर्धविराम, ९३ आणि लहान एम: पार्श्वभूमी निळी, अक्षर पिवळे. मग ए. शेवटी एस्केप, कंस, ०, लहान एम, म्हणजे रंग पूर्ववत. निळा टर्मिनलच्या थीमप्रमाणे वेगळा दिसला तर ४४ च्या जागी ४८, २, ०, ०, १७० आणि ९३ च्या जागी ३८, २, २५५, २५५, ८५ अर्धविरामांनी जोडून द्या. मग तो नेमका तोच निळा आणि तोच पिवळा.